जुन्या विजेच्या गाडीच्या खुणा

रत्नागिरीत उभे राहून जुन्या आगगाडीविषयी बोलणे थोडे धाडसाचेच आहे. आपल्या शहराला आगगाडी मिळाली तीच मुळी विसाव्या शतकाच्या अखेरीस. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग सलग खुला झाला तो १९९८ सालच्या जानेवारीत, आणि या साऱ्या मार्गावर विजेच्या तारा टाकण्याचे काम पुरे झाले २०२२ साली. म्हणजे येथे जे आहे ते सगळे नवे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि पानवल नदीवरचा उंच पूल लोक पाहतात ते नवलाई म्हणून. जुने पडीक असे या मार्गावर अजून काही व्हायचे आहे.

तरीसुद्धा विजेच्या जुन्या गाडीशी रत्नागिरीच्या माणसाचा संबंध जितका जवळचा, तितका पुण्यामुंबईबाहेर फार थोड्यांचा असेल. हा संबंध रत्नागिरीत जडला नाही, मुंबईत जडला. आपले आजोबा-पणजोबा पोटासाठी मुंबईला जात ते आगबोटीने. पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद. एरवी बंदरात बोट लागली की पडावातून तिच्यापर्यंत जायचे, आणि दुसऱ्या टोकाला माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. या धक्क्यापासून थोडे आत आले की डॉकयार्ड रोडचे स्टेशन. ज्याने गावी आगगाडीची शिटी ऐकलेली नाही, त्याच्या दृष्टीस पडलेली पहिली आगगाडी धूर न सोडणारी असे! पुढे तो गडी शिवडीच्या किंवा परळच्या गिरणीत लागला म्हणजे याच गाडीत तो बसू लागे. कोळशाच्या इंजिनाचा युगधर्म ओलांडून कोकणी माणूस एकदम विजेच्या युगात गेला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

तो मार्ग म्हणजे मुंबईचा हार्बर मार्ग. हिंदुस्थानातली विजेवर चालणारी पहिली आगगाडी याच मार्गावर धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते जी. आय. पी. रेल्वेच्या बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर ती सुरू झाली. म्हणजे रत्नागिरीकर आपल्या गावी रेल्वे येण्याची वाट पाहू लागण्याच्याही कितीतरी आधीपासून विजेच्या रेल्वेचा उतारू होता. या विसंगतीचा राग मानावा की गंमत वाटावी, हे आम्ही श्रोत्यांवर सोपवतो.

या जुन्या मार्गाच्या खुणा कोठे उरल्या आहेत, त्या कशा ओळखाव्यात, आणि ते सारे बदलावे का लागले, एवढाच आजचा विषय. खुणा शोधायला निघालेल्या माणसाला काय शोधायचे हे आधी ठाऊक असावे लागते. रूळ सगळीकडे सारखेच दिसतात. विजेच्या गाडीचे मर्म डोक्यावर असते आणि आपली नजर सहसा डोक्यावर जात नाही. तेव्हा आधी थोडे विजेविषयी.

१९२५ साली जी वीज तारेतून सोडली ती १५०० व्होल्ट दाबाची आणि एकाच दिशेने वाहणारी होती. हिला एकदिश प्रवाह म्हणतात. त्या काळी गाडीच्या चाकांना जोडायची मोटर अशाच विजेवर उत्तम चाले. चढावर जोर हवा तेव्हा जोर देई आणि सपाटीवर वेग घेई. परंतु वीजघरातून येते ती वीज उच्च दाबाची आणि क्षणोक्षणी दिशा पालटणारी. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उपकेंद्रे बांधून तेथे ती पालटून घ्यावी लागे. सुरुवातीला हे काम प्रचंड फिरती यंत्रे करीत. पुढे पाऱ्याच्या वाफेवर चालणारी उपकरणे आली, आणि त्यानंतर न फिरणारी, न घरघरणारी सिलिकॉनची. गाडी तारेतून वीज घेई आणि काम झाल्यावर ती चाकांवाटे रुळांत सोडी. रूळ हा परतीचा रस्ता. म्हणून दोन रुळांच्या सांध्यावर नुसते पट्टीबोल्ट कसून भागत नसे. तांब्याच्या जाड तारेने ते सांधावे लागत. ही तार तुटली तर परतणारी वीज जमिनीत शिरून जवळच्या पाण्याच्या नळांची वाट धरी आणि नळ कुरतडी.

आता दाब १५०० हा आकडा आपणांस मोठा वाटेल. घरातल्या विजेच्या मानाने तो मोठा आहेच. पण आगगाडीच्या मानाने तो लहान होता, आणि पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ यात आहे. साधा हिशेब करू. एका गाडीला जोर घेताना ३००० किलोवॉट शक्ती लागली असे धरा. १५०० व्होल्टला ती पुरवायची तर तारेतून २००० अँपिअर प्रवाह न्यावा लागतो. तीच शक्ती २५००० व्होल्टने पुरवली तर अवघे १२० अँपिअर पुरतात. आणि तारेत फुकट जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तार तीच ठेवली तर पहिल्या रीतीत नासाडी जवळजवळ पावणेतीनशेपट. ही नासाडी आवरण्याचे उपाय दोनच. तार जाड करा, आणि उपकेंद्रे जवळजवळ बांधा. मुंबईत दोन्ही केले. म्हणून जुन्या मार्गावर डोक्यावर तांब्याचा मोठा पसारा, तो तोलून धरायला भक्कम लोखंडी कमानी, आणि काही किलोमीटर गेले की पुन्हा एक उपकेंद्र.

रत्नागिरी स्टेशनच्या फलाटावर उभे राहून वर पाहा. तेथे वीज २५००० व्होल्टची आहे. तार सडपातळ, खांब हलके, पण तारेला खांबापासून अलग ठेवणारे चिनीमातीचे वा तत्सम द्रव्याचे विद्युत्‌रोधक मात्र लांबलचक. जुन्या मुंबईत याच्या नेमके उलट: तार दणकट आणि रोधक आखूड. तार जाड की रोधक लांब, एवढे पाहता आले की कोणता मार्ग कोणत्या वंशाचा हे सामान्य उतारूलाही सांगता येते. खांबाचेही तसेच. लोखंडी पट्ट्या तिरप्या जोडून, रिव्हेटांच्या गोल डोक्यांच्या रांगा मिरवणारा खांब दिसला तर तो जुन्या पिढीतला. सांधे वितळवून जोडलेला गुळगुळीत खांब पुढचा.

एवढी शिदोरी घेऊन हार्बर मार्गावर जावे. कुर्ल्याहून रे रोडपर्यंतचा भाग १९१० सालचा, कोळशाच्या इंजिनाच्या जमान्यातला. रे रोडपासून बोरीबंदरपर्यंतचा तुकडा मात्र विजेच्या गाडीसाठीच जन्मला आणि १९२५ साली तिच्याबरोबरच खुला झाला. या तुकड्याचे वैशिष्ट्य असे, की तो बराचसा अधांतरी आहे. खाली गोदीकडे जाणारे रस्ते, मालगाड्यांचे फाटे, वखारी. त्यांच्या डोक्यावरून गाडी न्यायची तर थोड्या अंतरात बरेच उंच चढावे लागते. कोळशाच्या इंजिनाला हे जड गेले असते. विजेच्या गाडीत मोटरी डब्यांखालीच विभागून बसवलेल्या असतात, म्हणून ती असा चढ दर फेरीला, दर काही मिनिटांनी, न कुरकुरता चढते.

सँडहर्स्ट रोड हे स्टेशन या दृष्टीने फार मोलाचे. येथे दोन मजले आहेत: खाली मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, वर हार्बर. वरचा मजला ज्या लोखंडी खांबांवर उभा आहे, त्यांवर ग्लासगोच्या कारखान्याचे नाव आणि १९२१-२२ च्या सुमाराचे साल उठवलेले आहे. ही ओतीव अक्षरे रंगाच्या कित्येक थरांखाली बुजत आली असली तरी बोटांनी वाचता येतात. आम्ही तेथे थांबून ती वाचत होतो तेव्हा मागून येणाऱ्यांनी आम्हांस दोनदा ‘ओ काका, बाजूला व्हा’ असे बजावले, आणि त्यांचे बरोबरच होते. हजारोंनी माणसे रोज त्या खांबाला खांदा घासून जातात. ते पुराणवस्तूचे प्रेक्षक नव्हेत. ती वस्तू ते वापरीत आहेत. आमच्या मते कोणत्याही जुन्या वस्तूचे याहून चांगले जतन नाही. संग्रहालयातल्या वस्तूवर धूळ बसते, या खांबावर बसत नाही.

पुढे डॉकयार्ड रोड. हे स्टेशन उंचावर आहे आणि गोदीचा परिसर येथून न्याहाळता येतो. रत्नागिरीच्या पाहुण्याने येथे पाच मिनिटे जरूर उभे राहावे. ज्या बाजूला आगबोट लागत असे आणि ज्या बाजूला पुढची सगळी हयात जात असे, त्यांच्या मधोमध हा फलाट आहे. डोक्यावर वळकटी घेऊन, हातात फणसाचे नाहीतर तांदळाचे ओझे घेऊन उतरलेला माणूस येथून शिवडीकडे किंवा मशिदीकडे वळत असे. कॉटन ग्रीन हे पुढचे एक स्टेशन. कापसाच्या बाजारावरून त्याचे नाव पडले. या मार्गावरची स्टेशनांची नावे नुसती ओळीने वाचली तरी मुंबईच्या जुन्या धंद्याचा नकाशा डोळ्यांपुढे येतो.

ज्या मार्गावर १५०० व्होल्टचा संसार प्रथम मांडला गेला, त्याच मार्गावरून तो सर्वांत शेवटी उठला. पश्चिम रेल्वेने २०१२ साली आपल्या उपनगरी मार्गावर नवा दाब घेतला. मध्य रेल्वेचे काम तुकड्यातुकड्यांनी चालले. हार्बरवर जुन्या विजेची शेवटची लोकल कुर्ल्याहून बोरीबंदरकडे धावली ती ९ एप्रिल २०१६ च्या रात्री. एक्याण्णव वर्षे झाली होती.

इतका उशीर का, याचे उत्तरही जुन्या अवशेषांतच आहे. दाब वाढला की तार आणि तिच्या आसपासचे बांधकाम यांत अंतर अधिक ठेवावे लागते, नाहीतर वीज मधली हवा ओलांडून उडी घेते. आणि मुंबईत रुळांवरून जाणारे रस्त्यांचे पूल एकोणिसाव्या शतकातले, कोळशाच्या इंजिनाच्या धुराड्याच्या उंचीचा विचार करून बांधलेले. काही ठिकाणी रूळच खाली घेतले. काही ठिकाणी पुलालाच जावे लागले. सँडहर्स्ट रोडजवळचा १८७९ सालचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला तो याच अडचणीपायी. म्हणजे विजेचा दाब वाढवल्याने पूल पडतो, असे हे कार्यकारण आहे. पुलाशेजारी राहणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षे वळसा घालून जावे लागले. त्यांना व्होल्टचा हिशेब कोणी समजावून सांगितला होता की नाही, देव जाणे.

विजेच्या मार्गाचा दुसरा मोठा अवशेष घाटात आहे, आणि तो अगदी निराळ्या जातीचा आहे. बोरघाटातला मार्ग १८६३ साली खुला झाला तेव्हा खंडाळ्याखाली एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. डोंगराचा कडा इतका उभा, की रूळ वळवून वर नेण्यास जागाच नव्हती. म्हणून गाडी एका दिशेने कड्याच्या टोकापर्यंत यायची, तेथे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडीने उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. इंग्रजी झेड अक्षरासारखा हा प्रवास. चढ ३७ फुटांना एक फूट. साठ-पासष्ट वर्षे हा खटाटोप चालला.

मुंबई-पुणे मार्गावर वीज आणायचे ठरले तेव्हा हा अडथळा ठेवून चालण्यासारखे नव्हते. लांब मालगाड्या तेथे मावत नसत आणि इंजिन बदलण्यात वेळ जाई. म्हणून १९२८-२९ च्या सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग सरळ वर नेला. कोळशाच्या इंजिनाने चढावरचा बोगदा म्हणजे धुराची कोंडी. विजेच्या इंजिनाला ती भीती नाही, हाही फायदा. जुने रिव्हर्सिंग स्टेशन मग ओस पडले. त्याचे दगडी बांधकाम आजही तेथे आहे. अमृतांजन पूल म्हणून लोकांना ठाऊक असलेला १८३० सालचा रस्त्याचा पूल जेथे होता, त्या परिसरात द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्याला ते दिसू शकते. खुद्द तो पूल एप्रिल २०२० मध्ये, सगळी रहदारी थांबली असताना, पाडण्यात आला. गाडी भरधाव हाकणाऱ्यांपैकी किती जणांचे लक्ष या दगडांकडे जाते कोण जाणे. आमची विनंती एवढीच, की जो गाडी चालवीत नाही त्याने पाहावे.

घाटासाठी जी विजेची इंजिने आणली त्यांची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. एकूण ४१ इंजिने. पहिली काही स्वित्झर्लंडात विंटरथूर येथे बांधलेली, बाकीची इंग्लंडातल्या व्हल्कन कारखान्यातली. मधला भाग चौकोनी आणि पुढेमागे दोन लांबट नाके, म्हणून युरोपात अशा इंजिनाला मगर म्हणतात. आपल्याकडच्या कामगारांनी मात्र तिला नाव दिले ‘खेकडा’. मोटरींचा जोर चाकांना दांड्यांनी पोचवला जाई आणि ते दांडे चालताना वरखाली होत. गाडी उभी असतानाही आतून कण्हल्यासारखा आवाज येई. कोकणातल्या माणसाला खेकडा काही नवा नाही, तेव्हा हे नाव कोणी ठेवले असेल याविषयी आमचा तर्क आम्ही स्वतःपाशीच ठेवतो.

या खेकड्याची एक करामत अशी. घाट उतरताना तो आपल्या मोटरी उलट्या कामाला लावी. उतरत्या गाडीच्या वजनाने मोटरी फिरत, त्यांतून वीज निर्माण होई आणि ती वरच्या तारेत परत जाई. तीच वीज त्या वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला हात द्यावा, तसा हा प्रकार. शिवाय ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासून तापत नसत. हल्ली विजेची बचत म्हणून या युक्तीची जाहिरात होते, पण ती आपल्या बोरघाटात नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वी रोजच्या वापरात होती. यांपैकी एक खेकडा मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ठेवला आहे. मुलांना तेथे अवश्य न्यावे, आणि दांडे कोठे जोडले आहेत हे चाकांशी वाकून दाखवावे.

काही मार्ग तर समूळ गेले. बी. बी. सी. आय. रेल्वेची गाडी पूर्वी चर्चगेटला थांबत नसे. पुढे कुलाब्यापर्यंत जाई. कुलाबा ते बोरीवली हा मार्ग जानेवारी १९२८ मध्ये विजेचा झाला, आणि १९३० च्या अखेरीस चर्चगेट-कुलाबा हा तुकडा बंदच करण्यात आला. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीच्या योजनेत तो आडवा येत होता. नवे खांब, नवी तार, आणि आयुष्य अवघे तीन वर्षांचे! १८९६ साली बांधलेले कुलाबा स्टेशनही गेले. त्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. स्टेशन नाही, रूळ नाही, खांब नाही. जमिनीची मालकी तेवढी रेल्वेकडे उरली. जमिनीचा सातबारा हासुद्धा अवशेषच असतो, हे कोकणातल्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको.

ट्रामचे असेच. ट्राम म्हणजे रस्त्यावरची विजेची रेल्वेच. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची ७ मे १९०७ रोजी, आणि शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ३१ मार्च १९६४ च्या रात्री. एका आण्यात शहराच्या या टोकाहून त्या टोकाला नेणारे हे वाहन बंद केले ते तोट्यामुळे आणि मोटारींच्या रहदारीत तिची अडचण होते म्हणून. आम्हांला ही दुसरी सबब कधीच पटली नाही. रस्त्यात अडचण कोणाची कोणाला होत होती, हे ट्राममधल्या आणि मोटारीतल्या माणसांची संख्या मोजून ठरवायला हवे होते.

ट्रामचे रूळ काढून नेण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी त्यांवर डांबर ओतले गेले. फ्लोरा फाउंटनपाशी अलीकडच्या काळात खोदकाम झाले तेव्हा ते वर आले. असे रूळ कोठे दिसले तर ओळखायला सोपे आहेत. आगगाडीच्या रुळाचे डोके सपाट असते; ट्रामच्या रुळाच्या डोक्यात चाकाची कड बसण्यासाठी लांब खाच असते, म्हणजे रूळ रस्त्याच्या पातळीत बसतो आणि टांग्याची चाके अडकत नाहीत. दोन रुळांतले अंतरही कमी: ट्रामचे चार फूट साडेआठ इंच, आगगाडीचे साडेपाच फूट. आणि दादर टी. टी. हे नाव घेणारा कंडक्टर वा टॅक्सीवाला दिवसातून शंभर वेळा ट्राम टर्मिनसचा उच्चार करतो, त्याला स्वतःला ती अक्षरे कशाची हे ठाऊक असो वा नसो.

शेवटी एका इमारतीविषयी. जी. आय. पी. रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी कल्याणजवळ ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले. चोळा गावाच्या नावावरून लोक त्याला चोळा पॉवर हाऊस म्हणत. कल्याण हा सांधा. तेथून एक मार्ग बोरघाटाने पुण्याला, दुसरा थळघाटाच्या माथ्यावर इगतपुरीला. दोन्ही घाटांतले खेकडे, १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आणि कल्याणच्या लोकल यांच्या मागे या घराची शक्ती होती. कोळसा येथे जळे, म्हणून गाडीत धूर नसे. धूर नाहीसा झाला नव्हता, एका जागी गोळा झाला होता. हे घर बंद पडूनही बराच काळ लोटला. यंत्रे गेली. ठाकुर्ली स्टेशनाजवळ त्याच्या भिंतींचा सांगाडा उरला, आणि आजूबाजूच्या वाडीवस्तीची मुले कित्येक वर्षे त्याच्या सावलीत क्रिकेट खेळली. रत्नागिरीहून दिव्यापर्यंत गाडीने जाणाऱ्याला तेथून कल्याणकडची लोकल घेऊन ठाकुर्लीला उतरता येते. अंतर थोडके आहे.